पायबंद कापण्याआधी

“तळ तर कोराच आहे की गं याचा,” बूटवाली बाई म्हणाली, आणि तिनं तो चिमुकला लाल बूट उलटा करून शेजारच्या गाळेवालीला दाखवला. “बघ, एक ओरखडा नाही. दे पोरी, बदलून देते. मोठं माप घेऊन जा. हा मी पुन्हा नवा म्हणून विकीन.” तिचं काही चुकलं नव्हतं. उलट भलंच करत होती ती माझं. ओश बाजारात असं आपणहून कोण बदलून देतं? सेझिम माझ्या कडेवर होती आणि वर टांगलेल्या बुटांच्या नाड्या ओढत होती. मी त्या कोऱ्या तळाकडे बघत राहिले. हिवाळा संपता संपता घेतलेले बूट. तिचा पाय वाढला होता. जमिनीशी एकदाही गाठ न पडता वाढला होता. “लहान आहे का अजून?” बाईनं मोठं माप शोधता शोधता विचारलं. “दीड वर्ष होऊन गेलं,” मी म्हणाले. बाईनं एकदा सेझिमच्या लोंबत्या पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग ती नव्या बुटांच्या नाड्या ओवण्यात एकदम फार गढून गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. “होईल हो,” म्हणाली असती, नाहीतर “डॉक्टरला दाखवलं का?” म्हणाली असती, तर तिच्यावर चिडता तरी आलं असतं. तिचं ते गप्प होणं मी बाजारातून घरापर्यंत घेऊन आले, मिनीबसमध्ये मांडीवर घेऊन बसले, आणि आठव्या मजल्यावर चढताना सेझिमपेक्षा तेच मला जड झालं.

घरी आल्यावर मी सेझिमला लोकरीच्या जाजमावर ठेवलं. ती लगेच चालू लागली – म्हणजे तिच्या पद्धतीनं. एक पाय मुडपून, दुसऱ्याचं वल्हं करून, बुडावर सरकत. रांगली ती कधीच नाही. सरकते मात्र इतक्या वेगानं की दूध उतू जातंय म्हणून मी स्वयंपाकघरात धावले तर माझ्या आधी ती शेगडीपाशी. पण उभं केलं की पाय वर ओढून घेते, जणू जमीन तापलेली आहे. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. आता मी तिच्याकडे बघते म्हणजे तिच्या पायांकडेच बघते. आंघोळ घालताना पोटऱ्या चाचपते, झोपली की तळव्याला बोट लावून बघते, ती हसली की हसण्याबरोबर पाय हलले का ते बघते. गेले काही महिने मी माझ्या मुलीचा चेहरा पाहिलाच नाही असं म्हटलं तरी चालेल. परवा खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, “अगं बेगिमाय, हिला गालावर खळी पडते की!” आणि मी चमकून पाहिलं. पडत होती. कधीपासून पडत होती कोण जाणे.

आमच्या घरात थांबणं कुणाला जमत नाही. माझा नवरा एल्दियार खिडक्या बसवायचं काम करतो. खिडकी चौकटीत बसली नाही तर घास, पाचर ठोक, फटीत फेस मार. संध्याकाळपर्यंत ती बसलीच पाहिजे, लोक उघड्या भिंतीत झोपणार थोडेच? पोलिक्लिनिकमधून आम्ही परत आलो त्या दिवशी तो जिना चढता चढता भांडत होता. “थांबा म्हणजे काय? थांबायला काय डॉक्टर लागतो? थांबायचंच असेल तर मी बसथांब्यावर थांबतो, फुकट!” लिदिया पावलोव्ना, त्या डॉक्टरीणबाई, म्हाताऱ्या आहेत, बोटं संधिवातानं वाकलेली, पण त्या बोटांनी त्यांनी सेझिमला असं उलटसुलट केलं की मला पीठ मळणारी बाई आठवली. कंबर पाहिली, गुडघे पाहिले, छोट्या हातोडीनं टकटक केलं, तिच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा धरला, आणि तो देऊन टाकावा लागला कारण ती सोडेना. मग हात धुवत म्हणाल्या, “मूल चांगलं आहे. काही करायचं नाही.” “कसलं औषध?” एल्दियारनं विचारलं. “हेच औषध. काही न करणं. बुडावर सरकणारी मुलं उशिरा उठतात. तुमच्या घराण्यात कुणी असं होतं का, म्हाताऱ्यांना विचारा.” विचारलं की. माझ्या सासूबाई, झूरा आपा, फोनवरूनच कडाडल्या, “आमच्यात? माझा एल्दियार दहाव्या महिन्यात गल्लीभर पळत होता! तुझ्या माहेरी विचार.” माहेरी विचारलं. माहेरी सगळे वेळेवर चालले होते. तेव्हापासून मी काहीच न करण्याचं औषध सेझिमला देत होते आणि स्वतः सगळं करत होते. मेंढीच्या शेपटीची चरबी चोळणं, मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं, एल्दियारनं आणलेला पांगुळगाडा, ज्यात ती पाय वर घेऊन राणीसारखी बसायची, भिंतीशी उभं करणं, बडबडगीतं म्हणत बगलेतून उचलून नाचवणं. तिच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे भाव यायचे ते मला फार उशिरा कळले. ती माझी कीव करत होती.

आणि खुदा? त्याच्याशीही माझं वागणं असंच होतं. आमच्यात गुरुवारी तेल तापवून चपट्या रोट्या तळतात, वास वर जातो, गेलेल्यांना पोचतो, मग हात पसरून दुवा मागायची. मी आधी महिन्या-दोन महिन्यांतून कधी आठवण झाली तर तळायची. आता एकही गुरुवार चुकवत नव्हते. नमाज शिकले, अर्धवट. सेझिम दुपारी झोपली की दार लोटून पढायची, आणि पढतानाही एक कान पलीकडे, आज काही वेगळा आवाज येतो का. आमीन म्हणून हात चेहऱ्यावरून फिरवले की तेच हात तसेच ओले-तेलकट घेऊन आत जायची, बघायला. बी पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरून बघतात तशी. काहीच झालेलं नसायचं. मग माझ्या आत काहीतरी आंबट व्हायचं. मी भांडी घासता घासता त्याला म्हणायची, मोठ्यानं नाही, ओठांच्या आत, की तू काही करतोस की नाही? दिसत कसं नाही तुझं काही? खिडकी बसवणारा माणूससुद्धा दिवसाकाठी काहीतरी दाखवतो. असं म्हणायची आणि घाबरायची. घाबरून पुढच्या गुरुवारी दोन रोट्या जास्त तळायची.

आजोबांची घोडी मला या दिवसांत का आठवावी, कळत नाही. कदाचित “पायबंद” हा शब्द घरात फार येऊ लागला म्हणून. आमच्यात म्हणतात, मूल जन्मतं तेच पायांत न दिसणारा पायबंद घेऊन. चालायला लागलं की काळ्या-पांढऱ्या लोकरीची पिळाची दोरी त्याच्या पायांना गुंडाळायची, लांबून पोरांनी धावत यायचं, जो पहिला येईल त्यानं सुरीनं दोरी कापायची आणि बाळाचे हात धरून त्याला चार पावलं चालवायचं. मोठेपणी कुणी ठेच लागून पडलं की हसतात, “याचा पायबंद कापायचा राहिला वाटतं!” पण मला आठवत होता तो खरा पायबंद, चामड्याचा, घोडीच्या पुढच्या दोन पायांना घातलेला. मी लहान होते, उन्हाळ्यात वरच्या कुरणात आजोबांकडे. ती करडी घोडी दोन पाय जोडून टुणूक टुणूक करत चरायची, आणि मला रडू यायचं. “तिला शिक्षा केलीत का, आजोबा?” आजोबा खोगिराचा पट्टा शिवत होते, दातांत सुई. सुई काढून म्हणाले, “शिक्षा? शिक्षाच करायची असती तर सोडून दिली असती. खाली कडा आहे, पलीकडे लांडगे. मला ती सकाळी हवीय, म्हणून बांधलीय.” “पण तिला कुठे जाता येत नाही.” “जायचंय कुठे तिला? गवत इथेच आहे. बघ, खातेय की.” खरंच खात होती. मान खाली, एका लयीत, करकर करकर. तिला पाहून मी रडत होते आणि ती जाड होत होती. आजोबा तंबूत जाऊन घोरू लागले. मला तेव्हा त्यांच्या झोपेचा रागच आला होता. आपली घोडी बाहेर बांधलेली आणि माणसाला झोप येते कशी? एवढंच आठवतं. त्या आठवणीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, नुसती भांडी घासताना करकर करकर ऐकू यायची.

मग आपांचा फोन आला. “शनिवारी सेझिमचा पायबंद कापायचा,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, “आपा, पण ती अजून चालत नाही.” “म्हणूनच तर! कापला की चालेल. कापल्याशिवाय कशी चालेल? नारीनहून बर्मेतआत्या येतायत, इतक्या वर्षांनी येतायत, परत कधी येतील न येतील. बोकड सांगितलाय. गल्लीतल्या पोरांना सांगितलंय. तू फक्त तिला उभी धर, बाकी मी बघते.” एल्दियार माझ्याकडे बघत होता, त्याचे डोळे म्हणत होते, करू या ना, काहीतरी तर होईल. त्याला दोष कसा देऊ? मलाही एक क्षण वाटलं, होईल. सगळ्यांसमोर दोरी कापतील आणि ती टपकन पाय टेकेल. मग दुसऱ्या क्षणी मला ते दिसलं: माझ्या हातांत लोंबकळणारी माझी मुलगी, पाय वर ओढलेले, सुरी घेतलेलं धापा टाकणारं पोर, आणि भोवती पन्नास माणसं त्या बूटवाल्या बाईसारखी एकदम गप्प झालेली. त्या रात्री जेवताना मी मीठ दोनदा घातलं आणि एल्दियारनं न बोलता खाल्लं. त्यानंही ते चित्र पाहिलं असणार.

शुक्रवारी दुपारी मी आपांकडे न्यायचं सामान बांधत होते. आमच्या इमारतीखाली पॉपलरची झाडं आहेत. मे महिना सरत आला की त्यांचा कापूस उडतो, खिडकी जरा उघडी राहिली की सगळ्या घरात तरंगत येतो, कोपऱ्याकोपऱ्यात साचतो, वैताग नुसता. सेझिम जाजमावर उन्हाच्या तुकड्यात बसली होती. मला वाटलं, फार वेळ आवाज नाही, काहीतरी तोंडात घातलं असेल, म्हणून दारातून डोकावले. ती कापसाचं एक पीस पकडायला बघत होती. झडप घातली की पीस तिच्याच हाताच्या वाऱ्यानं पुढे जाई. पुन्हा झडप, पुन्हा पुढे. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. तिनं हात खाली घेतला, थोडा वेळ नुसती बघत बसली, कपाळाला बारीक आठी, एखादा म्हातारा हिशेब करतो तशी. मग तळवा उताणा करून पुढे धरला आणि थांबली. मी दारात थांबले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दूध तापत होतं ते मी विसरले. पीस वर गेलं, पडद्याला लागलं, खाली आलं, तिच्या हाताच्या बाजूनं निघून गेलं, आणि दुसरंच एक, ज्याच्याकडे ती बघतही नव्हती, तिच्या तळव्यावर येऊन बसलं. तिनं ते लगेच तोंडात घातलं आणि शिंकली. शिंकून स्वतःच दचकली, आणि मग हसली, आणि ती खळी पडली.

मी तिथेच चौकटीला टेकून खाली बसले. काय झालं ते लिहायला गेलं तर फार मोठं वाटतं, आणि तसं काही झालं नव्हतं. कुठून आवाज आला नाही, उजेड झाला नाही. नुसते माझे खांदे खाली आले. तेव्हा मला कळलं की ते किती महिने कानांपर्यंत वर होते. मला वाटत होतं ही पोर काही करत नाही, नुसती बसलीय. आणि ती तर कामात होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामात होती. हवा कशी चालते, हात कुठे संपतो, शिंक कुठून येते. तिला फुरसत कुठे होती चालायला? आणि मी ज्याच्याशी भांडी घासताना भांडत होते, तोही असाच कुठे कामात असेल तर? माझ्या नजरेच्या खाली, माझ्या पाळतीच्या पलीकडे. तिच्या हाडांत, त्या छोट्या पोटऱ्यांत, मी चरबी चोळत नसते तेव्हाही. त्याला मी सकाळी हवी आहे, आजोबांच्या घोडीसारखी. त्याला ही सकाळी हवी आहे. कुणी सोडून दिलेलं नाही आम्हाला. मी हात पसरले, सवयीनं, आणि मागायला काही सुचेना. मी त्याला काही मागितलं नाही. हात नुसते तसेच पसरून बसले, मग चेहऱ्यावरून फिरवले. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा सेझिम माझ्या आधी निघाली होती.

शनिवारी सकाळी आपांच्या अंगणात, शहराच्या कडेच्या त्या नव्या वस्तीत, मोठ्या कढईत बोरसोक तळायला आम्ही दोघी बसलो. पिठाचे छोटे चौकोन तेलात टाकले की फुगून वर येतात, आणि आपा ते झाऱ्यानं असे उचलतात की एकही करपत नाही. मी म्हणाले, “आपा, मी तिला उभी धरणार नाही.” झारा थांबला. “म्हणजे?” “दोरी नको. सुरी नको. ती चालायला लागेल तेव्हा कापू.” “आणि नाही लागली तर?” आपांच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट मारलं. इतक्या दिवसांत हे वाक्य घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मला वाटलं होतं ते ऐकून मी कोसळेन. मी एक बोरसोक उलटा केला. “तरी ती त्याचीच आहे,” मी म्हणाले. “तो बघेल. मी बघून बघून दमले, आपा.” आपांनी नवे चौकोन तेलात सोडले. मग सुरू झाल्या. “बोकड कापलाय. पोरं सकाळपासून धावायचा सराव करतायत. त्या आत्याबाई नारीनहून रात्रभर गाडीत बसून आल्यात. लोकांना काय सांगू मी?” “सांगा, सून वेडी आहे.” “ते त्यांना माहीत आहे,” आपा म्हणाल्या, “नवीन काहीतरी सांग.” आणि मला हसू आलं, त्यांनाही येत होतं पण त्यांनी ते झाऱ्याआड लपवलं. “करपला बघ तुझ्या बडबडीत,” म्हणाल्या. करपला होताच एक. तो त्यांनी फुंकर मारून स्वतःच्याच तोंडात टाकला.

बर्मेतआत्या म्हणजे माझ्या गेलेल्या सासऱ्यांची थोरली बहीण. डोक्याला पांढरा रुमाल, गुडघे वाकलेले, आणि आवाज असा की कुरणाच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय. त्या घरातून डोळे चोळत बाहेर आल्या तेव्हा सेझिम अंगणात आली होती, म्हणजे जाजमावरून उतरून, एक पाय मुडपून, दुसऱ्यानं वल्हवत, कोंबडीच्या मागे भरधाव. मागे धुळीत एक रुंद पट्टा उमटत होता. आत्या थबकल्या. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खदाखदा हसायला लागल्या. “अगं बाई! अगं हा तर एल्दियार!” कुणाला काही कळेना. “झूरा! अगं तोच की हा! तस्साच! तू कामाला जवळच्या शहरात होतीस आणि हा माझ्याकडे होता, दोन वर्षांचा होत आला तरी उभा राहायचं नाव नाही. सगळ्या पँटींची बुडं फाटली. शेवटी मी मेंढीचं कातडं लावून दिलं मागे. कातडबुड्या म्हणायचो आम्ही याला!” एल्दियार चुलाणात लाकडं घालत होता. त्याचे कान मागून लाल झालेले मला दिसले. “आत्या, पुरे,” तो म्हणाला. “पुरे काय? बोरासारखे घट्टे पडले होते तुझ्या बुडाला, दाखव बायकोला, असतील अजून!” गल्लीतल्या बायका रुमालाआड हसत होत्या. सगळ्यांनी आपांकडे पाहिलं. आपा ताट हातात घेऊन उभ्या होत्या. “दहाव्या महिन्यात...” त्या म्हणाल्या, आणि अडकल्या. “दहाव्या महिन्यात तो पळत...” “दहाव्या महिन्यात त्याला नीट बसताही येत नव्हतं,” आत्या म्हणाल्या. “तू दर रविवारी यायचीस बसनं, आणि दारातूनच ओरडून विचारायचीस, उभा राहिला का? आणि मी नाही म्हटलं की माझ्या मागच्या खोलीत जाऊन रडायचीस. मला वाटायचं, ही आता माझी उशी धुऊनच काढणार.”

आपांनी ताट खाली ठेवलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते स्वच्छ दिसलं. त्या शोधत होत्या. एखादी वस्तू नक्की याच फडताळात ठेवली होती अशा खात्रीनं हात घालावा आणि हाताला नुसतं लाकूड लागावं तशा. “मला आठवतच नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या, मला, आत्यांना नाही. “रडत होते मी? मला तर त्याचं पळणंच आठवतं. पळायला लागला आणि थांबेचना.” इतकी मोठी भीती, दर रविवारची, उशी भिजवणारी, आणि तिचं नावनिशाणही उरलं नव्हतं. कुणी पुसली होती? कधी पुसली? त्यांना न विचारता, न कळवता, त्या दुसरं काही करत असताना. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं, म्हाताऱ्यांना विचारलं, असं माझ्या मनात आलं. पण खरं सांगायचं तर आत्यांच्या बोलण्यानं मला जो आनंद झाला तो वर धरलेल्या सायीसारखा होता. दूध त्याआधीच तापलं होतं. आत्या अजून बोलतच होत्या, “आणि काय गं झूरा, बसणाऱ्या पोरीचा पायबंद कापायला निघालीस? पोर चाललं म्हणून कापतात. चालावं म्हणून कापतात हे कुणी शिकवलं तुला, शहरानं?” “मला नका बोलू,” आपा फणकारल्या, “मला सुनेचं सकाळीच ऐकून झालंय.”

पण पोरांना कोण सांगणार? ती गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या पाटापाशी रांग लावून उभी होती, चपला काढून, बाह्या वर करून, काहींनी कपाळाला रुमाल बांधलेले. बक्षिसाची मिठाई त्यांनी सकाळीच बघून ठेवली होती. “दोरी नाहीच का?” एक पुढचे दात पडलेली मुलगी ओरडली. “मग काय कापायचं?” “काही नाही कापायचं,” आपा ओरडल्या, “नुसतं धावा!” मी सेझिमला घेऊन गल्लीच्या या टोकाला धुळीत बसले, खरोखर धुळीत, नवा झगा घालून, आणि ती माझ्या पायांच्या मध्ये बसली. कुणीतरी हात खाली केला आणि पोरं सुटली. जमीन थरथरली, ती मला खालून लागली, सेझिमलाही लागली असणार, कारण ती ताठ झाली आणि तिनं दोन्ही हात जमिनीवर ठेवले. धूळ, आरडाओरडा, पायांचे आवाज, आमच्या दिशेनं, आमच्यासाठी, आणि सगळी ती पोरं येऊन आमच्या भोवती कोसळली, धापा टाकत, एकमेकांवर पडत, “मी पहिला!” “खोटं, मी!” सेझिम किंचाळली. आनंदानं इतकी किंचाळली की पोरं गप्प झाली. मग तिनं हात पुढे केला, गल्लीच्या टोकाकडे, बोट दाखवून. पुन्हा. पोरं परत गेली आणि पुन्हा धावली. पुन्हा तिनं बोट दाखवलं. तिसऱ्या वेळी एल्दियार धावला, चौथ्या वेळी आपा, रुमाल सुटलेला, “आता माझा जीव जाईल रे!” म्हणत, आणि बर्मेतआत्या काठी आपटत त्यांना शिव्या घालत होत्या, “पळ, दहाव्या महिन्यात पळणाऱ्याची आई, पळ!” मिठाई उधळली, पोरांनी लुटली. मी सेझिमचा चेहरा बघत होते. लाल, धुळीनं भरलेला, डोळ्यांत पाणी हसून हसून. तिचे पाय कुठे होते, काय करत होते, मला आठवत नाही.

मग अंगणात गाद्या पसरून पाहुणे बसले, मांस आलं, सूप आलं, आणि समोवारपाशी मी बसले. चहा ओतणं सुनेचं काम. वाटी अर्धीच भरायची, रिकामी होण्याआधी पुन्हा घ्यायची, कोण दुधाचा, कोण बिनदुधाचा, ध्यानात ठेवायचं. मोठी माणसं बसलेली असताना सुनेनं पाठ टेकायचीसुद्धा नाही. सेझिम माझ्या मांडीवर पडली होती, जड, गरम, तोंड उघडं. वर जर्दाळूच्या पानांतून उन्हाचे ठिपके हलत होते. मी एक वाटी भरली आणि हातात धरली, कुणाची होती ते मला आठवेना. वाटीची ऊब हातात शिरत होती. बोलण्याचे आवाज लांब गेले, जवळ आले, लांब गेले. “अगं, ही झोपली की!” कुणीतरी म्हणालं. मला उठायचं होतं. माझ्या आत कुठेतरी एक सून धडपडून उठत होती, रुमाल नीट करत होती. “शू,” आपांचा आवाज, “हात नका लावू तिला.” माझ्या बोटांतून वाटी हलकेच कुणीतरी काढून घेतली, अंगावर रजई आली, लोकरीचा आणि धुराचा वास असलेली, आणि मग काही नाही.

जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मी तशीच आडवी पडून पाहिलं. समोवारपाशी माझ्या जागी आपा बसल्या होत्या. वाट्या हातोहात जात होत्या, अर्ध्या भरलेल्या, आणि तळाशी घोट उरला की परत येत होत्या. आत्या कुठल्यातरी मेलेल्या घोड्याची गोष्ट सांगत होत्या आणि लोक हसत होते. एल्दियार एका म्हाताऱ्याला साखर पुढे करत होता. कुणाची वाटी रिकामी राहिली नव्हती. मी धडपडून उठू लागले, तोंडात “माफ करा, आपा” आलेलंच होतं. आपांनी मान न वळवता, ओतता ओतता, दुसऱ्या हातानं माझा खांदा हलकेच खाली दाबला.

“पड गं,” म्हणाल्या, “काही अडलं नाही.”

सेझिमचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मी डोळे मिटले.